हीटर बदलण्याआधी करंटची वाट तपासा

डिसेंबर-जानेवारीची थंडी पडली की प्रतापनगर भागातील टेम्पोचालक आणि डभोई-पादरा बाजूचे ट्रॅक्टरवाले शेतकरी यांची एक तक्रार ठरलेली असते: पहाटे गाडी धरत नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, पण इंजिन काही चालू होत नाही. बॅटरी उतरते, चार माणसे धक्का मारतात, आणि भाजी बाजारात पोहोचेपर्यंत भाव पडलेला असतो. मग कोणीतरी निकाल देतो, "हीटर गेला." नवा हीटर आणला जातो, जुना काढला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

रोग्याची नाडी न पाहता औषध बदलत राहावे, तसाच हा प्रकार आहे. हीटर हा विजेच्या एका लांब वाटेवरचा शेवटचा मुक्काम आहे. त्या वाटेत कोठेही खंड पडला तरी हीटर थंडच राहणार, मग तो कितीही नवा असो. तेव्हा हीटरला दोष देण्याआधी वाट कशी तपासावी, ते या लेखात क्रमाने सांगण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी मोठी हत्यारे लागत नाहीत. एक साधा मल्टिमीटर, हेडलाइटचा एक जुना बल्ब, दोन पाने आणि थोडा धीर एवढे पुरे.

हीटर कशासाठी असतो?

१८६२ साली डभोई-मियागाम या अरुंद रेल्वेवर गाडी ओढण्यासाठी बैल जुंपले होते. बैल थंडीतही उठतो. डीझेल इंजिनाचे तसे नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी प्लग असतो. डीझेलमध्ये ठिणगी नसते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डीझेल याने १८९७ साली यशस्वी करून दाखविलेली युक्ती अशी, की हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडले की ते स्वतःच पेटावे.

आता थंडीचा हिशेब पाहा. सोळास एक या प्रमाणात हवा दाबणारे इंजिन घेऊ. त्यात ३० अंशांची हवा गेली, तर थंड लोखंडाने काही उष्णता खाल्ल्यानंतरही ती सुमारे ४२० अंशांपर्यंत तापते. तीच हवा १० अंशांची असेल तर ३७५ अंशांच्या आसपासच थांबते. बाहेरचा फरक २० अंशांचा, पण आतला ४५ अंशांचा! शिवाय थंडीत ऑइल घट्ट होते, बॅटरीचा जोर कमी पडतो, इंजिन संथ फिरते आणि दाबलेली हवा रिंगांच्या कडेने निसटून जाते. म्हणून आत जाणारी हवाच थोडी गरम करून द्यावी, ही हीटरमागची कल्पना. आत शिरताना दिलेला एक अंश दाबल्यावर दोनांहून अधिक होतो.

आपल्या गाडीत कोणता हीटर आहे?

हे आधी ओळखावे, कारण नाव एक असले तरी वस्तू तीन आहेत.

पहिला थर्मोस्टार्ट. पर्किन्स जातीच्या ट्रॅक्टर-इंजिनांवर तो आढळतो. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळकांड्यात, तारेचे एक लहान वेटोळे बसविलेले असते. करंट दिला की ते लाल होते, आतली झडप उघडते, छोट्या टाकीतून डीझेलचे थेंब येतात आणि वेटोळ्यावर पेटतात. त्या ज्वाळेने हवा तापते. याला १२ व्होल्टवर साधारण १२-१३ अँपियर करंट लागतो.

दुसरा जाळीचा हीटर. मोठ्या डीझेल इंजिनांवर हवेच्या तोंडाशीच धातूच्या पट्टीची जाळी असते. त्यात ज्वाळा नाही, नुसती उष्णता. पण भूक फार मोठी: १२ व्होल्टच्या गाडीत शंभर अँपियरच्या आसपास. एवढा करंट चावीतून नेता येत नाही, म्हणून मध्ये रिले असतो.

तिसरा ग्लो प्लग, ज्याला आपले मिस्त्री 'हीटर प्लग' म्हणतात. जुन्या मॅटाडोर, ट्रॅक्स यांसारख्या गाड्यांत तो प्रत्येक सिलिंडरला एक असतो. तो मॅनिफोल्डमधली हवा तापवीत नाही, सिलिंडरच्या डोक्यातील लहान खोलीत तापतो. अशा इंजिनांना तो हलक्या थंडीतही लागतो. पुढे सांगितलेली करंटची तपासणी त्यालाही जवळजवळ तशीच लागू पडते.

करंटची वाट

बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज, तेथून चावी किंवा रिले, तेथून जाड वायर, मग हीटर. हीटरमधून करंट इंजिनाच्या अंगात उतरतो आणि अर्थच्या पट्टीतून बॅटरीच्या ऋण टोकाला परत येतो. जाण्याची वाट जितकी महत्त्वाची, तितकीच परतीची. पुष्कळजण जाणारी वायर तपासतात आणि अर्थकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

रिले असेल तर आणखी एक लहान वाट असते. रिले ओढण्यापुरता थोडा करंट चावीकडून अथवा गाडीच्या संगणकाकडून येतो. म्हणजे मोठा दरवाजा उघडणारा हा छोटा कडीकोयंडा. तो बिघडला तर मोठी वाट चांगली असूनही उपयोग नाही.

आणि एक नियम पाठ करून ठेवावा. हीटरला मिळणारे व्होल्टेज निम्मे झाले तर उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. म्हणून "करंट येतोय ना" एवढ्याने भागत नाही. किती येतो, हे पाहावे लागते.

तपासणीचा क्रम

१. बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी. सेल्फ मारताना ती साधारण साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली घसरू नये. घसरत असेल तर पुढची तपासणी तूर्त थांबवावी. बॅटरी, तिची टोके किंवा सेल्फ यांतच दोष आहे.

२. फ्यूज. तो काढून पाहावा. नुसत्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता मीटरने दोन्ही टोके जोडलेली आहेत का ते पाहावे. फ्यूज पुन्हा पुन्हा जळत असेल तर जाड तार गुंडाळू नये. कोठेतरी वायर सोलून बॉडीला लागली आहे, ती शोधावी.

३. रिलेचा आवाज. इंजिन थंड असताना चावी हीटरच्या जागी फिरवावी आणि कान देऊन ऐकावे. "टक्" असा आवाज आला तर छोटी वाट बरी आहे. नाही आला तर रिलेच्या बारीक वायरींवर करंट येतो का, ते पाहावे. मात्र "टक्" आले म्हणजे रिले चांगलाच, असेही नव्हे. आतले संपर्क जळालेले असले तरी आवाज येतो. त्यासाठी हीटर चालू असताना रिलेच्या दोन मोठ्या टोकांमध्ये मीटर लावावा. तेथे पाव व्होल्टच्या आसपास काटा राहिला तर ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर रिले करंट खातो आहे.

४. हीटरच्या टोकावरील व्होल्टेज. ही मुख्य तपासणी. वायर हीटरला जोडलेलीच ठेवावी, चावी हीटरवर ठेवावी, आणि मीटरची एक सळई हीटरच्या टोकाला व दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. त्याच वेळी बॅटरीवर जितके व्होल्ट आहेत, त्याहून फार तर अर्धा-पाऊण व्होल्ट कमी असावे. शून्य असेल तर वाट तुटली आहे. मधलाच आकडा असेल तर वाट अरुंद झाली आहे. दोन्ही प्रसंगी हीटरपासून मागे मागे जात प्रत्येक सांध्यावर मीटर लावावा. ज्या सांध्याच्या अलीकडे कमी आणि पलीकडे पुरे व्होल्ट दिसतील, तो सांधाच चोर.

५. अर्थ. हीटर चालू असताना मीटरची एक सळई हीटरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर परतीच्या वाटेवर गंज, रंग अथवा सैल बोल्ट आहे. असे असेल तर बहुधा सेल्फही रेंगाळत फिरतो. तीही एक खूण आहे.

६. हीटर. टोकावर पुरे व्होल्ट आहेत, अर्थ चांगला आहे, तरीही हीटर थंड राहतो. आता, आणि आताच, हीटरला दोषी म्हणावे. थर्मोस्टार्टचा रोध साधारण एक ओहम असतो. मीटर अनंत दाखवीत असेल तर वेटोळे तुटले. जाळीच्या हीटरचा रोध मात्र एका ओहमच्या आठव्या-दहाव्या भागाएवढा असतो, आणि साध्या मीटरच्या वायरींचा स्वतःचाच रोध त्याहून जास्त भरतो. म्हणून तेथे ओहमच्या आकड्यावरून "चांगला" म्हणू नये. व्होल्ट मोजावे, किंवा वायरीभोवती धरण्याचा क्लॅम्प मीटर मिळाला तर करंटच मोजावा.

एक उदाहरण

आमच्या परिचयातील एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला एकाच हिवाळ्यात दोन थर्मोस्टार्ट बसविले गेले. सेल्फ जोरात फिरत होता, त्यामुळे बॅटरी आणि अर्थ यांवर संशय नव्हता. मीटर लावला तेव्हा बॅटरीवर सव्वाबारा व्होल्ट होते आणि हीटरच्या टोकावर जेमतेम सात. मागे जाता जाता चावीपर्यंत पोहोचलो. चावीच्या आत जाणाऱ्या टोकावर बारा, बाहेर येणाऱ्या टोकावर सात! हीटरच्या जागेचे तांब्याचे संपर्क काळे पडले होते. बारा-सव्वाबाराच्या जागी सात व्होल्ट म्हणजे उष्णता एक तृतीयांश. वेटोळे कोमट होई, झडप उघडण्याइतके तापत नसे. चावीचा स्विच बदलला आणि काम झाले. काढून टाकलेले दोन्ही हीटर तपासले, ते चांगले निघाले.

जाळीच्या हीटरमध्ये हाच दोष अधिक घातक ठरतो. समजा, एका गंजलेल्या सांध्यात ओहमचा विसावा भाग एवढाच रोध वाढला. ऐकायला तो नगण्य वाटतो. पण शंभर अँपियरचा करंट सत्तरवर येतो, हीटरची उष्णता निम्मी होते, आणि जवळजवळ अडीचशे वॅट उष्णता त्या सांध्यातच जळते. वायरचे आवरण वितळलेले, थिंबल निळसर पडलेले दिसले तर ते याचेच लक्षण. गाडीला आग लागण्याची सुरुवात अशाच जागी होते.

टेस्ट लॅम्पचा फसवा उजेड

पुष्कळ ठिकाणी छोटा टेस्ट लॅम्प लावून "करंट आहे" असे सांगितले जाते. त्या दिव्याला अर्ध्या अँपियरहूनही कमी करंट पुरतो. वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या आणि एकच उरली, तरी तो झगझगीत पेटतो. म्हणून हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब वापरावा. तो साडेचार अँपियर मागतो. मंद पेटला की समजावे, वाट रोडावली आहे. वायर हीटरवरून काढून मीटर लावल्यासही अशीच फसगत होते. बिनओझ्याचा बैल लंगडा आहे की नाही ते कळत नाही. गाडी जुंपल्यावरच कळते.

संगणकाच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. अशा गाड्यांत हीटर असल्यास त्याचा ताबा संगणकाकडे असतो. दोष आढळला की दिवा लागतो आणि स्कॅनरवर क्रमांक येतो. 'पी ०५४०' म्हणजे हवेच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. 'पी ०५४१' म्हणजे तेथील संकेत अपेक्षेहून खाली, 'पी ०५४२' म्हणजे वर, आणि 'पी ०५४३' म्हणजे सर्किट तुटलेले. येथे 'सर्किट' या शब्दाकडे लक्ष द्यावे. संगणक "हीटर बदला" असे सांगत नाही. तो फक्त रस्त्याचे नाव सांगतो. खड्डा कोठे आहे ते आपणच शोधावयाचे असते. क्रमांक पुसून टाकल्याने रोग जात नाही.

बडोद्याच्या हवेत आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. संगणक आधी हवेचे व इंजिनाचे तापमान पाहतो आणि गरज असेल तरच हीटर लावतो. दुपारच्या २८ अंशांत गॅरेजमध्ये गाडी नेली तर हीटरला करंट मिळणारच नाही, आणि चांगल्या रिलेवर ठपका येईल. तपासणी पहाटे, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर करावी. तापमान सांगणारा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल तरीही हीटर लागत नाही, म्हणून स्कॅनरवर तो आकडा वाचून बाहेरच्या थर्मामीटरशी ताडून पाहावा.

जिवाशी खेळ नको

इंजिन धरत नाही म्हणून एअर क्लीनरच्या तोंडाशी ईथरचा फवारा मारणे किंवा पेट्रोलचा पेटता बोळा धरणे ही चाल आपल्याकडे आहे. हीटर असलेल्या इंजिनात ईथर कदापि वापरू नये. तापलेल्या तारेवर ईथरची वाफ गेली तर मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो. तोंड भाजते, डोळे जातात, पिस्टनच्या रिंगा तुटतात. "हीटर बंदच आहे" असे मानून फवारा मारणाराच यात सापडतो, कारण सैल सांधा नेमका त्या क्षणी लागू शकतो.

रिले चिकटून बसला तर हीटर बंदच होत नाही. गाडी उभी असतानाही मॅनिफोल्ड तापते आणि बॅटरी रिकामी होते. इंजिन बंद केल्यावर घटकाभराने हीटरजवळ हात नेऊन पाहावा, पण स्पर्श करू नये. ऊब वाढत असेल तर बॅटरीचे ऋण टोक लगेच काढावे.

वायरींना हात लावण्यापूर्वी नेहमी ऋण टोक आधी सोडवावे आणि काम संपल्यावर ते शेवटी जोडावे. हातातील कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-काडी नको. आम्ल डोळ्यांत उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळे धुवावेत आणि डॉक्टरकडे जावे.

थंडी वाजते म्हणून दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची लक्षणे, आणि झापड आलेला माणूस स्वतः उठून बाहेर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डीझेलच्या धुराची गणना कर्करोग निश्चितपणे घडविणाऱ्या पदार्थांत केली आहे. पहाटे अंगणात दहा मिनिटे पांढरा धूर ओकणारी गाडी घरातील मुलांच्या फुप्फुसांत काय सोडते, याचा विचार करावा. हीटर नीट असला तर तो धूर पुष्कळ कमी होतो.

हीटर निर्दोष निघाला तर?

बडोद्याची थंडी पहाटे १०-१२ अंशांपर्यंत उतरते; ही काही हिमालयाची थंडी नव्हे. थेट सिलिंडरमध्ये डीझेल सोडणारे निरोगी इंजिन एवढ्या थंडीत हीटरविनाही दोन-चार प्रयत्नांत बहुधा धरते. ते मुळीच धरत नसेल तर हीटरपलीकडे पाहावे. सेल्फ मारताना धूरच निघत नसेल तर डीझेल पोहोचत नाही: फिल्टर तुंबला आहे किंवा पाइपात हवा शिरली आहे. पांढरा धूर भरपूर निघत असेल तर डीझेल पोहोचते पण पेटत नाही: फिरण्याचा वेग कमी, रिंगा-व्हॉल्व्ह गळके, किंवा पंपाचा टायमिंग चुकलेला. थर्मोस्टार्टमध्ये तार लाल होऊनही ज्वाळा येत नसेल तर त्याची छोटी टाकी व नळी पाहावी. डीझेल नसताना तो पुन्हा पुन्हा लावला तर वेटोळे जळून जाते. एका वेळी १५-२० सेकंदांहून अधिक लावू नये.

दिवाळीनंतरचे अर्ध्या तासाचे काम

थंडी येण्यापूर्वीच एक सकाळ काढावी. बॅटरीची टोके घासून व्हॅसलीन लावावे. अर्थच्या पट्टीखालील रंग व गंज काचपेपरने धातू चकाकेपर्यंत काढावा. हीटरच्या टोकाचा नट आवळताना दुसऱ्या पान्याने खालचा नट धरून ठेवावा, नाहीतर आतला बोल्ट फिरून तुटतो. मग चौथ्या क्रमांकाची तपासणी करून आकडा गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच जागी कमी आकडा आला, तर गाडी बंद पडण्याआधीच रोग कळेल.

मीटर वाचणे अवघड नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले, ते हाताने काम करणाऱ्याला कामामागचे शास्त्रही कळावे म्हणूनच. घरात आय.टी.आय.ला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्याकडून हे शिकून घ्यावे. आळीतील पाच-सहा गाडीवाल्यांनी मिळून एक मीटर घेतला तरी चालेल. आणि गॅरेजमध्ये जाल तेव्हा "हीटर बदला" असे न सांगता "हीटरच्या टोकावर किती व्होल्ट येतात ते आधी दाखवा" असे म्हणावे. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.